नळीसरांच्या सात पुड्या

शेजारणीचं औषध भज्यांच्या पिठात घालून मी एकदा पाहुण्यांना खाऊ घातलं. भजी चेंडूएवढी फुगली आणि जराशी साबणासारखी लागली. पाहुणे सभ्य होते. दोघांनी तर पुन्हा मागून घेतली. तेव्हा मी पस्तिशीची होते आणि स्वतःला फार हुशार समजत असे. आता नातवंडं मला हुशार समजतात, म्हणून खरं काय ते लिहून ठेवते.

औषध नलूताईंचं. पण गोष्ट त्यांच्या यजमानांची.

आर्णीला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. ते कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. गल्लीत त्यांचं नाव नळीसर, कारण लग्नाचा विषय असो की तुरीच्या भावाचा, तिसऱ्या वाक्याला ते किडनीतल्या नळीवर येत. माझ्याकडे चहाला आले की गाळणी हातात घेऊन बसत.

"वहिनी, गाळून तर कोनीबी टाकते. किडनी पहिले सारंच गाळते, कामाचंबी. मंग नळीच्या भिंतीतल्या पेशी, पराटीतला राह्यलेला कापूस वेचावा तशा, कामाचं वेचून वापस घेतेत. वापस घेनं महत्त्वाचं."

"चहा थंडा होऊन राह्यला, सर."

"होऊ द्या. रक्तातला सोडा, हाच आपला खायाचा, नळीत वाहून येते. पेशी तिकडं थोडं आम्ल सोडते. दोघं भेटले का त्याचं पानी अन् गॅस. गॅस भिंतीतून आत शिरते, अन् पेशी आतमंधी पुन्हा सोडा बनवून रक्ताले देते. आम्ल बाहीर, सोडा आत. दिवसभर तेच."

"म्हंजे तोच सोडा वापस नाही येत?" मी चिडवायला विचारलं.

त्यांनी गाळणी खाली ठेवली. "तोच नाही येत. पन येते."

वापस आणण्याचा छंद त्यांना स्वतःलाही होता. गल्लीत कुणाचं काही पडलेलं दिसलं की ते घेऊन दारात हजर. एकाच पायाची चप्पल, कपाटाची किल्ली, मी मुद्दाम फेकलेला तुटका कंगवा. "तुमचं वाहून चाललतं, वहिनी." कंगवा मी तीनदा फेकला, तीनदा परत आला. शेवटी माहेरी मुकुटबनला जाताना बसच्या खिडकीतून टाकला, तेव्हा सुटले.

माणूस चक्रम, असं मी सगळ्यांना सांगत असे. नलूताईंच्याच किडनीतल्या नळ्या सोडा परत घेत नाहीत, म्हणून रक्तात आम्ल साचतं, हाडं दुखतात, पायांत जोर राहत नाही, हे मला माहीत होतं. यवतमाळच्या डॉक्टरांनी रोज मोजून सोडा घ्यायला सांगितला होता. दर रविवारी नलूताई जुन्या कॅलेंडरच्या कागदात सात पुड्या बांधत आणि वर पेन्सिलीनं वार लिहीत. हे सगळं डोळ्यांसमोर होतं. पण सरांची नळी आणि नलूताईंचे पाय यांची गाठ माझ्या हुशार डोक्यात कधी पडली नाही.

मग नलूताई तापाचं निमित्त होऊन गेल्या. दोन महिन्यांनी सर बोरी अरबला भावाकडे गेले; एक किल्ली माझ्याकडे. नेमके माझ्याकडे वीस पाहुणे आणि घरात सोडा नाही. सरांचं घर उघडलं, तर फळीवर पुड्यांचा डबा दिसला. बाई गेली, आता कायले वाया जाऊ द्यायचा, असं म्हणून मी सातही पुड्या फोडल्या. कागद केरात.

दुसऱ्या दिवशी परत आलेले सर नालीकाठचा कचरा काडीनं उकरत होते. लोक हसत होते. मीही.

"काय हरपलं, सर?"

"डब्यातल्या पुड्या. उंदरानं नेल्या वाट्टे. दवाखान्यात जायच्या आधी बांधल्यात तिनं. तिले लिहाचा भारी कंटाळा. घरात तिचं अक्षर तेवढंच हाये."

मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "उंदीर लई झाले, सर."

घरी येऊन केराची टोपली उलटी केली. कांद्याच्या सालींत, सांडलेल्या हळदीत सातही कागद सापडले. पुसले, उन्हात वाळवले, दुकानातून सोडा आणला आणि पुड्या बांधायला बसले. नलूताईंची पुडी ताठ बसायची. माझी कुबड काढून. सर कॉलेजात गेल्यावर माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडून पुड्या त्यांच्या डब्यात ठेवून आले.

संध्याकाळी ते डबा घेऊन माझ्याकडे आले. सोमवारपासून एकेक पुडी ओळीनं मांडली. बुधवारवर अंगठा फिरवत राहिले. मी घासलेलीच गाळणी पुन्हा घासत होते. शेवटी राहवेना, रडत सगळं सांगून टाकलं, भज्यांसकट.

आता सरही नाहीत. भिंतीपलीकडे नवे लोक आहेत, चांगले आहेत. कधी कंगवा तुटला की मी तो गल्लीत टाकून दाराकडे बघत बसते. कोणी आणून देत नाही. त्या संध्याकाळी सर बोलले ते मात्र अजून माझ्यापाशी जसंच्या तसं आहे:

"बुधवारले हळदीचा वास येऊन राह्यला, वहिनी, तवाच समजलं मले. सोडा नवा, घडी तुमची. पन रक्त थोडीच इचारते सोड्याले, का तू तोच का दुसरा. राहू द्या. अन् भजे कराल तवा मलेबी हाक मारत जा, एकट्यानं जेवाचा कंटाळा येते."