विसावी सुई

"फरक नाई म्हटलं तं हा सुया वाढवते, अन् फरक आहे म्हटलं तं खुशालराव फोटो काढते. माणसानं बोलावं तं काय बोलावं?" शेजारच्या खाटेवरून नत्थुजी पुटपुटले. त्यांच्या दोन गुडघ्यांत मिळून अकरा सुया उभ्या होत्या, त्यामुळे जीभ सोडून त्यांना काहीच हलवता येत नव्हतं.

"हळू बोला, भाऊ. पोरगं ऐकते," गोदाबाई म्हणाल्या. त्यांच्या डाव्या हातात नऊ होत्या.

पोरगं म्हणजे पियुष, समाजाचे अध्यक्ष खुशालराव यांचा पुतण्या. चांदूर बाजारातल्या समाजाच्या सभागृहात तो दर गुरुवारी सुया टोचायचा, मॅग्नेटचे पट्टे बांधायचा आणि तळपायाखाली लाकडी रूळ फिरवायला लावायचा. उपचार फुकट होते. फुकट उपचारानं बरं न वाटणं म्हणजे समाजाचा अपमान. म्हणून रजिस्टरात 'फरक किती टक्के' असा एक रकाना होता आणि त्यातला आकडा आजवर कधी खाली आला नव्हता. मागच्या गुरुवारी ऐंशी सांगितलेला माणूस या गुरुवारी सत्तर कोणत्या तोंडानं सांगणार? नत्थुजी तर एकशेदहावर पोचले होते. यायचे मात्र काठी टेकतच.

गोदाबाई पंच्याण्णववर होत्या आणि तो आकडा त्यांना हवाच होता. देवळासमोरच्या फुलांच्या दुकानात चाळीस वर्षं त्यांनी बसून हार ओवले. डावा हात बधिर व्हायला लागला तेव्हा मुलगा गोवर्धन म्हणाला होता, "माय, दसऱ्यापर्यंत हात सुधरला तं ठीक. नाई तं तू घरी आराम कर, शालू बसन दुकानात." गोदाबाईंना सुयांची भीती नव्हती, आरामाची होती. दसरा आठ दिवसांवर आला होता. सून शालू दर गुरुवारी सोबत यायची आणि सासूचे टक्के ऐकून जमिनीकडे बघायची.

अर्ध्या तासानं पियुषनं दोघांच्या सुया काढल्या. ट्रेमध्ये मोजल्या. मग घाम पुसून पुन्हा मोजल्या.

"अकरा अन् नऊ वीस. ह्या एकोणीसच आहेत."

"मायात राह्यली!" नत्थुजी ताडकन उठून बसले. "आतमंधी गेली असन! सुई रक्तातून सिधी काळजाले जाते म्हंतात."

"काहून कल्ला करून राहिले?" फोटो काढायला आलेले खुशालराव खेकसले. "तुमचा गुडघा सहा महिन्यांत हालला नाई, सुई काय हालन?"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पियुषनं ऐकलं नाही असं दाखवलं. रजिस्टर तेवढं मिटून ठेवलं.

मग खुशालरावांनी मॅग्नेटचा पट्टा घेतला आणि नत्थुजींच्या अंगावरून फिरवायला सुरुवात केली. बंडीच्या आतल्या खिशापाशी पट्टा चिकटला. "सापडली!" नत्थुजी ओरडले. निघाली ती कपाटाची चावी. ती हरवली म्हणून त्यांनी पंधरा दिवस सुनेशी अबोला धरला होता.

"हे घरी सांगू नका बापा," ते म्हणाले आणि काळजाचं विसरून चावी लपवायच्या मागे लागले.

सतरंजी झटकली. एक केसाची पिन, दोन गुंड्या आणि कोणाचा तरी अर्धा दात निघाला. सुई नाही.

"फुलवाल्या बायायची एक सवय राह्यते," खुशालराव गोदाबाईंकडे वळले. "सुई हातात आली का पदराले टोचली."

ते खरंच होतं. शालूनं सासूचा खांद्यावरचा पदर चाचपला तर तीन सुया निघाल्या. एकेक बोटाएवढी लांब. पियुष दचकून मागे सरकला. "काकू, ह्या माया नाईत!"

"हे टोचली असती तं मी गावाबाह्यर पयालो असतो," नत्थुजी म्हणाले.

सगळ्यांत मोठ्यानं गोदाबाईच हसल्या. मग स्वतःही गुडघ्यांवर बसून डाव्या हातानं सतरंजी चाचपू लागल्या. पदराचं टोक त्या हातासोबत धुळीतून फिरत होतं.

"आत्याबाई, पदर सोडा नं. मळून राह्यला."

"सोडलाच आहे वं."

शालूनं पदर ओढला. पदरासोबत हात वर आला.

रिकाम्या हातानं अर्धा तास पडून राहायची गोदाबाईंना सवय नव्हती. त्यांच्या उजव्या हातानं कधीतरी डाव्यातली एक सुई उपसली होती आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं, डाव्या मुठीत गोळा केलेल्या पदरात खोचून दिली होती. केसासारखी सुई. लुगड्याच्या घड्यांतून पार होऊन ती मधल्या बोटात शिरली होती. पदर बोटाला शिवला गेला होता आणि बोटाच्या मालकिणीला पत्ता नव्हता.

"लय बारीक असते," पियुष चाचरत म्हणाला. "समजत नाई कधी कधी."

"म्हंजे दुखत नाई बिलकुल!" खुशालरावांनी मोबाइल बाहेर काढला, गोदाबाईंकडे पाहिलं आणि परत खिशात टाकला.

नत्थुजींना अचानक चपला शोधायच्या होत्या.

"तुमचं ध्यान नसन, आत्याबाई," शालू म्हणाली आणि सुई ओढून काढली. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब आला. गोदाबाई दाराकडे बघत होत्या.

"काढ नं, शालू."

"काढली."

गोदाबाईंनी बोट डोळ्यांसमोर धरलं. बाजारात वांगं दाबून बघतात तसं उजव्या अंगठ्याच्या नखानं दाबलं. मग अजून जोरात. नखाची खूण उमटली. त्यांनी ती पदरानं पुसायचा प्रयत्न केला.

"मी ओवलेले हार तू मांगच्या खोलीत नेते," त्या म्हणाल्या, "अन् उसवून पुन्हा ओवते. मले मालूम आहे."

शालूनं हातातली सुई ट्रेमध्ये नेऊन ठेवली.

"बोटं मेले माये. फूल धरलं का देठ धरला, पाह्यल्याबिगर समजत नाई. दसऱ्याले तूच बस दुकानात."