एका वेळी एकच हात

बालाजी साखरेच्या डब्याला हात लावण्याआधी मोठ्याने म्हणायचा, "घेतलं!" चमचा बुडवायचा, डबा जागेवर ठेवायचा आणि म्हणायचा, "सोडलं!" मगच दुसऱ्याने हात लावायचा. पेपर, खडूची पेटी, संडासाचं दार, सगळ्याला हाच कायदा. दारातून बाहेर पडताना तुम्ही 'सोडलं' म्हणाला नाहीत, तर तो पाऊल टाकत नसे. तिथेच खांब होऊन उभा राही.

लातुरात क्लासेसचं पीक जोरात आलं होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवायचो आणि बालाजी संगणक सांभाळायचा. त्याचे जे किस्से लोक अजून सांगतात, त्यातले निम्मे माझे आहेत. "बालाजी, जेवण घेतलं का?" "घेतलं, सर." "मग सोडणार कधी?" स्टाफरूम हसायची. तोही हसायचा, जरा उशिरा. आता हसणारे पांगले, माझं वय झालं, आणि खरं काय ते सांगणारा मी एकटाच उरलो आहे.

त्याच्याकडे चाचणीच्या निकालाचा प्रोग्राम होता. त्या प्रोग्रामच्या पोटात तीन कामं एकाच वेळी चालत. एक उत्तरपत्रिका वाची, दुसरं गुण मांडी, तिसरं यादी छापी. संगणकवाले अशा कामाला थ्रेड म्हणतात. तिघांची यादी मात्र एकच. दोघांनी एकदम हात घातला की नाव एकाचं आणि गुण दुसऱ्याचे. म्हणून यादीला कुलूप हवं. अशी कुलपं ऑपरेटिंग सिस्टीममध्ये तयारच असतात. बालाजी त्यांच्यावर आपलं वेष्टन चढवत होता, आणि ते चढवणं काही संपत नव्हतं.

"आयतं कुलूप आहे ना, मग वेष्टन कशाला?" मी विचारायचो.

"सर, माणूस कुलूप घेतो, अन् मधीच काम बिघडलं की सोडायचं इसरतो. बाकीचे बसतेत जलमभर वाट बघत. माझ्या वेष्टनात काम कसंबी संपू द्या, कुलूप आपोआप सुटतंय."

"आणि वेळ किती खातं?"

या प्रश्नावर तो खुलायचा. "कुलपं दोन जातीची, सर. एक घरातल्या घरातलं, दुसरं शिस्टीमला मधी घालणारं. घरचं भांडण घरात मिटत असलं तर कोर्टात कशाला जायचं? म्हणून आधी घरचं. तेबी मिळालं न्हाई तर लगेच झोपायचं न्हाई. दाराशी जरा घुटमळायचं. आतला निघतच असला तर? लई वेळ लागला, तरच झोपायचं."

खरोखरच तो संडासाच्या दाराशी आधी घुटमळायचा आणि मग स्टुलावर बसायचा.

डायरेक्टरसरांना हे सोसेना. समोरच्या क्लासची यादी आमच्या आधी लागू लागली, पालक तिकडे वळू लागले. एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. "ती कुलपं काढायला सांगा त्याला. प्रोग्राम सुसाट पळाला पाहिजे. नाहीतर त्यालाच काढतो. तुमचं ऐकतो तो."

मी गेलो. म्हणालो, "बालाजी, नोकरीचा प्रश्न आहे. काढून टाक. फार तर एखाद्या पोराचे गुण इकडचे तिकडे होतील."

तो की-बोर्डवरून नुसतंच बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "सर, भूकंप झाला तवा मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होतो. गावी पोचलो तवर ऊन वर आलतं. आमचं माळवद सगळं बसलतं. आई खालून बोलत होती. 'हळू रे, हळू रे' म्हणायची. आम्ही इकडून दगड उपसायलो होतो, पलीकडून लातूरहून आलेली माणसं. ढीग एकच, पण मधी भिंत. कोण काय काढायलंय, कुणाला दिसंना. आम्ही तुळईखालचा दगड काढला, त्यांनी तिकडचा. एकदमच."

मग तो म्हणाला, "एकानं नुसतं 'घेतलं' म्हणून वरडाय पाहिजे होतं."

त्या सकाळी आम्ही मास्तर मंडळी जीप करून गेलो होतो. ते 'हळू रे' मीही ऐकलं होतं. ते थांबलेलंही ऐकलं होतं. पलीकडचा दगड मी काढला होता. गावाचं नाव विचारायची गरज नव्हती.

"पलीकडचे बी वाचवायलाच आलते, सर," माझा चेहरा बघून बालाजीच माझी समजूत घालू लागला. "त्यांचा काय दोष?"

मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी डायरेक्टरसरांकडे गेलो आणि म्हणालो, "ऐकत नाही." त्याची बाजू घेऊन चार शब्द बोललो असतो तर तो राहिला असता. पण मग तो रोज समोर बसला असता, साखरेचा डबा हातात घेऊन.

डोकं फिरलं म्हणून बालाजीला काढलं, असं लोक सांगतात. खोटं आहे. तो होता तोवर एकाही मुलाचे गुण दुसऱ्याच्या नावावर गेले नाहीत. तो गेल्यावर कुलपं निघाली, याद्या सुसाट निघाल्या आणि पालक भांडायला येऊ लागले.

जायच्या दिवशी तो पिशवी घेऊन दाराशी आला, नेमका तेव्हाच मीही. दार अरुंद. तो मागे सरला.

"तुम्ही घ्या, सर."

मी बाहेर पडलो, जिना उतरू लागलो. 'सोडलं' हा शब्द ओठांशी आला होता. तो बाहेर पडला तर त्यामागचं सगळंच बाहेर येईल, म्हणून मी ओठ घट्ट मिटले.

रस्त्यावरून वर पाहिलं. दार सताड उघडं होतं. बालाजी उंबऱ्याच्या आत, पिशवी छातीशी धरून, घुटमळत नव्हता की बसला नव्हता. नुसता उभा होता.