नकाशात नसलेलं दार

वीज कार्यालयाच्या माणसांनी शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या घरासमोर खांब रोवला, तोही बरोबर दाराला खेटून. ताई बाजारातून परतल्या, तर बाहेर उघडणारं दार वीतभर उघडून खांबावर आपटलं. ताई अंग चोरून कशाबशा आत शिरल्या. पण आत सासूबाई होत्या चाकाच्या खुर्चीत, आणि खुर्चीला काही अंग चोरता येत नाही.

"म्हणजे मी आता घरात कैद?" सासूबाईंनी विचारलं.

"आठ दिवस कळ काढा. अर्ज देते."

आठ दिवसांचे चार महिने झाले. सासूबाईंनी खिडकीतून दिसेल तेवढंच जग पाहिलं. ताईंनी सात अर्ज दिले. सहा कुठे गेले कोण जाणे. सातव्याला उत्तर आलं, 'सदर जागी दार आढळून आले नाही.'

"आढळलं नाही? मग मी काय छपरातून उतरते?" ताई कार्यालयात जाऊन कडाडल्या.

कारकुनाने मानसुद्धा वर केली नाही. "नकाशात दार नाही, बाई. साहेब नकाशा बदलतील तेव्हा बघू."

"साहेब कुठेत?"

"पाहणीला."

साहेब चार महिने पाहणीलाच होते. आतून त्यांच्या खोकल्याचा आवाज मात्र येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी पायाने चालणारं शिलाई मशीन हातगाडीवर घातलं आणि थेट साहेबांच्या दाराला टेकवून मांडलं. थोड्या वेळाने दार वीतभर उघडलं आणि मशीनवर आपटलं. फटीतून अर्धे साहेब दिसले.

"अहो, हे काय? इथे दार आहे!"

"असेल. मला नाही आढळलं."

साहेबांनी शिपायाला हाक मारली. शिपाई आला, पण त्याच्या सदऱ्याचा खिसा तेव्हा ताईंच्या सुईखाली होता. "साहेब, एवढा खिसा होऊ द्या," तो म्हणाला. त्याच्यामागे टंकलेखिका दोन झंपर घेऊन उभी राहिली. तिच्यामागे कारकून, उसवलेला कोट घेऊन. आता त्याची मान चांगली वर होती.

दुपारी फटीतून आवाज आला, "बाई, मला जरा जायचंय."

"कुठे?"

"जरा... पाहणीला." आवाजात काकुळती होती.

"जा की. आधी खांब हलवायचा आदेश द्या."

चार महिने न निघालेला आदेश चार मिनिटांत फटीतून बाहेर आला. ताईंनी तो सावकाश वाचला.

"शिक्का राहिला."

शिक्काही आला. मशीन सरकलं आणि साहेब असे धावले, की सगळं कार्यालय त्यांच्याकडे पाहत राहिलं.

दुसऱ्या दिवशी खांब पाच हात दूर गेला. दार सताड उघडलं. सासूबाई बाहेर आल्या, उन्हात डोळे मिटून घटकाभर बसल्या. मग त्यांनी डोळे उघडून वर पाहिलं. घराकडे येणाऱ्या तारा नुसत्याच लोंबत होत्या.

"अहो, तारा जोडा ना!" ताई ओरडल्या.

"आदेश खांबाचा आहे. तारांचं त्यात काही नाही," म्हणत कामगार अवजारं गोळा करून निघूनही गेले.

ताईंचा चेहरा पडला. "आता पुन्हा अर्ज..."

"अर्ज कसला?" सासूबाईंनी पदर खोचला. "दोघींचा डबा भर. आज मी पण येते. आणि शिक्का मिळाला तरी लगेच उठायचं नाही. आधी वाचायला मला द्यायचं."