संभाव्य थडगं आणि सोनीबाईची मोळी

तलासरीच्या डोंगराकडच्या एका गावात, चर्चच्या कुंपणाला लागून, दोन उभे दगड आहेत आणि त्यांच्यावर एक आडवी शिळा. संभाव्य वारसा कक्षाच्या योगिता मॅडमनी ती टेप लावून मोजली आणि तिसऱ्या दिवशी पाटी लागली : ‘संभाव्य प्रागैतिहासिक दगडी थडगे. स्पर्श करू नये.’

चौथ्या दिवशी सोनीबाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन चढण चढून आली. गेली तीस वर्षं इथं पोचली की ती मान कलती करून मोळी शिळेवर सरकवायची, दम खायची आणि कुणाच्या मदतीशिवाय पुन्हा डोक्यावर घ्यायची. आज वॉचमन लडक्या आडवा आला.

“मावशी, इथं ओझं नाही ठेवायचं. खाली माणूस आहे.”

“कोण?”

“तीन हजार वर्षांपूर्वीचा. संभाव्य.”

“मग उठव त्याला. मोळीला हात लावेल.”

आठवडाभरात मान आखडली. तिने नवऱ्याला, हिरूला, मॅडमपुढे नेऊन उभं केलं.

“मॅडम, हे दगड मीच लावले. आमचा उमेश हिच्या पोटात होता, ओझं उतरवायला वाकता येईना, म्हणून.”

“बांधकाम परवानगी?”

“दोन दगडांना?”

“तीन आहेत. म्हणजे अनधिकृत. सोमवारी जेसीबी येईल,” मॅडम म्हणाल्या. “प्रागैतिहासिक असतं तर वाचलं असतं. तेव्हा परवानगीची पद्धत नव्हती.”

सोनीबाईने मान चोळली. “याचं काय ऐकता, मॅडम. विसरतो हल्ली. जुनंच आहे ते.”

जबाब फिरला, तशी मयताची नोंद शोधणं आलं. फादर पास्कलनी दफनाची वही चाळली. “आमच्याकडे ख्रिस्तापूर्वीचं कुणी नाही,” ते ओशाळून म्हणाले. तसं पत्र त्यांच्याकडून दोन प्रतींत घेण्यात आलं. आता वारस न मिळाल्यास थडगं बेवारस ठरणार होतं, आणि बेवारस वस्तू पोलीस ठाण्यात जमा करायची असते.

“आम्हीच वारस,” सोनीबाई म्हणाली. “लांबचा आहे, पण आमचाच.”

वारसाला पुण्यतिथीला थडग्यावर साहित्य ठेवून परत नेण्याची मुभा होती. मृत्यूची तारीख उपलब्ध नसल्याने मॅडमनी त्या रकान्यात ‘वर्षातील कोणताही दिवस’ लिहिलं.

“साहित्य?”

“लाकडाची मोळी. इतकी वर्षं दगडाखाली, गारठला असेल.”

दुसऱ्या दिवसापासून सोनीबाई रीतसर मोळी ठेवू लागली, दम खाऊन उचलू लागली. लडक्या तेवढा वेळ टोपी काढून उभा राहायचा. पाटीवर या प्राचीन प्रथेची माहितीही आली, आणि हायवेवरच्या गाड्या इकडे वळू लागल्या. अच्छाडच्या ढाब्यांवर लाल फीत बांधलेल्या तयार मोळ्या मिळतात.

गेल्या रविवारी तुम्हीही एक वाहिलीत. डोळे मिटून हात जोडलेला तुमचा फोटो छान आलाय. मागे हातात नुसती चुंबळ घेऊन उभी आहे ती सोनीबाई. रानात जायचं तिने महिन्यापूर्वीच सोडलं. तुम्ही डोळे उघडून निघायची ती वाट बघत होती. घरी भाकऱ्या व्हायच्या होत्या.