शहीद विमानाचा नमुना

दुःख दोन प्रकारचं असतं, सरकारी आणि खाजगी. दोन्ही एकाच दिवशी आली तर सरकारी दुःख आधी करायचं, खाजगी नंतर. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण दुसऱ्या मोठ्या लढाईच्या चौथ्या वर्षी आमच्या गावात तो अमलात आला आणि मला त्याचा पहिला लाभ झाला.

त्या दिवशी पहाटे माझी बायको मनकर्णा वारली. दिवस वर आला तेव्हा तहसिलीचा शिपाई हुकूम घेऊन आला. आपल्या तालुक्याच्या लढाई फंडातून घेतलेलं विमान समुद्रात पडलं आहे, तरी सर्वांनी चावडीवर जमून शोक करावा. माझ्या दारात तिरडी बांधून तयार होती, पण खांदेकरी शोक करायला गेले. मीही गेलो. (हजेरी घेत होते.)

तहसिलीचे कारकून पेशकार साहेब आले होते, त्यांनी विमानाचे गुण सांगितले. ते आज्ञाधारक होतं, कधी माघारी फिरलं नाही, त्याने सरकारकडे कधी काही मागितलं नाही. आमच्यापैकी कुणी ते पाहिलं नव्हतं, त्यामुळे कुणाला हरकत घेता आली नाही. मनकर्णेची धाकटी बहीण द्वारकाबाई सगळ्यांत जास्त रडली. बाईची राजनिष्ठा चांगली आहे, असं साहेब म्हणाले.

मनकर्णेला दुपारी नेलं. संध्याकाळी गावचे पटेल व्यंकटराव माझ्या दारात आले.

"सटवाजी, लई वाईट झालं."

"व्हय, पटेल."

"त्याचा लाकडी नमुना करायचा म्हणून राहिले साहेब. जवळा बाजारच्या वाटंवर लावायचा. लोकं बघतील, नव्या इमानाला वर्गणी देतील. तू गावचा सुतार."

वाईट कुणाचं झालं ते मला तेव्हा कळलं.

"मला सुतक हाय, पटेल."

"सुतक तर साऱ्या तालुक्याला हाय. कुणी काम थांबवलं का?"

मी पेटीतून रंधा काढला. काम सुरू झालं.

नमुना मूळ विमानाच्या विसाव्या हिश्श्याचा असावा, असा हुकूम होता. मूळ विमान किती लांब, हे तहसिलीत कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून आधी नमुना बैलगाडीत मावेल एवढा ठरला आणि मग त्याला विसाने गुणून मूळ विमानाची लांबी जाहीर करण्यात आली. पाहायला वर्तमानपत्रातलं एक चित्र होतं. ते साहेबांच्या खिशात घडी होऊन आलं होतं आणि उजवा पंख घडीत झिजला होता. तो पंख मी डाव्यावरून केला. पटेलांना उजवा जास्त चांगला वाटला. (गावात विमान पाहिलेली माणसं: एकही नाही. विमानातलं कळणारी: सगळी.)

तोंडाशी तोफ हवी होती. माझ्याकडे शिसवाचा एक तासलेला तुकडा होता. मनकर्णेच्या जात्याचा खुंटा ढिला झाला होता, ती चिंधी गुंडाळून दळायची. त्यासाठी केलेला हा नवा खुंटा, फक्त ठोकून बसवायचा होता. साहेबांनी तो उचलला, विमानाच्या तोंडाला लावून पाहिला. "ये बराबर तोप है," म्हणाले. तोफ बसली.

विमान पुरं झालं तेव्हा साहेबांचा चेहरा पडला. "ये तो शादी का पाट मालूम होता है. जंग कहाँ है इस में?"

लोक कोऱ्या विमानासाठी रडत नाहीत, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. मग मी विमानाला लढाई दाखवली. चिंच आणि लोखंडाचा गंज कालवून चोळला. दोराने गाडीमागे बांधून पांदीच्या दगडगोट्यांतून फरफटत नेलं. कंदिलाच्या काजळीने शेपटापासून तोंडापर्यंत काळं केलं. (गावाला घासलेट मिळत नव्हतं, काजळी धरायला मात्र मंजूर झालं.) शेवटी गिरमिटाने गोळ्यांची भोकं पाडली. भोकं सगळी पुढच्या बाजूने पाडावीत, असं पटेलांनी बजावलं. मागून पाडली तर विमान पळत होतं असं लोक म्हणतील.

ओढ्याकाठी जिथे गावाचे दहावे होतात, तिथूनच बाजाराची वाट जाते. बाजाराच्या दिवशी तिथे उंच बांबूवर विमान चढवलं. मनकर्णेचा दहावा त्याच दिवशी होता. आम्ही खाली पिंड ठेवला आणि कावळ्याची वाट पाहत बसलो.

आमच्याकडे उभ्या पिकात मेलेला कावळा काठीला टांगतात. त्याला पाहून बाकीचे कावळे वर घिरट्या घालतात, कालवा करतात, पण खाली उतरत नाहीत. बांबूवर काळं, पंख पसरलेलं, भोकं पडलेलं काहीतरी लटकत होतं. शिवारातले सगळे कावळे आले. एकही उतरला नाही. पाखरंही शोक करून राहिली, म्हणून साहेबांना भरून आलं.

लोक म्हणाले, तिचं काही राहिलं असेल, कबूल कर. मी लुगडं कबूल केलं. माहेरची ओटी कबूल केली. द्वारकाबाई म्हणाली, "दाजी, खुंट्याचं बोला."

"मनकर्णे, खुंटा बसवतो," मी म्हणालो. कावळ्यांच्या कालव्यात ते मलाच ऐकू आलं नाही.

विमान घडीभर उतरवा, असं मी साहेबांना विनवलं. चढवायचा हुकूम आहे, उतरवायचा नाही, असं ते म्हणाले.

तांड्यावरचा रूपसिंग बैल घेऊन बाजाराला निघाला होता. तो थांबला, वर पाहिलं, खाली पाहिलं.

"सटवाजी, तुह्या इमानानं एक लढाई जिकली बरं."

"कोन्ती?"

"कावळ्यायची."

ऊन कलल्यावर लोक म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवव, चालतं. मी नाही म्हणालो. एका सुतकात दोन खोटी पाखरं माझ्याने झाली नसती. पिंड ओढ्यात सोडला.

पुढे मी खुंटा परत मागितला. ती सरकारी तोफ आहे, खाजगी माणसाला देता येत नाही, असं उत्तर आलं. दुसरा खुंटा करता आला असता, पण कबूल केला होता तो हा. अठ्ठेचाळीस साली पोलीस कारवाई झाली आणि सरकार बदललं. मी पुन्हा गेलो. नव्या सरकारने ते विमान जुन्या सरकारचं हत्यार म्हणून जप्त केलं होतं. ते आता तहसिलीच्या कोठडीत आहे, बाहेर कुलूप आहे, आणि तोफेमुळे पहारा आहे.

लोक अजून मला विमानाचं विचारतात. किती लांब होतं, काळं कशाने केलं, पुढे त्याचं काय झालं. तुम्हीही इथवर त्याच्यासाठीच वाचत आलात. मनकर्णा कशाने गेली, हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि तुम्हालाही आता मी म्हणालो म्हणून आठवलं.

जात्याला खुंटा बसवायचा राहिला आहे.