बापूकाकांचा पाट

बापूकाका कुणाकडेही गेले की आधी टेबलावर टकटक करतात, मग यजमानांकडे बघतात. आमच्या नव्या डायनिंग टेबलावर टिचकी मारून ते म्हणाले, "भुसा आहे हो हा. दाबलेला भुसा, वरून स्टिकर!" मी दोन तास खपून ते टेबल जोडलं होतं. तरी चहा दिला, त्याच टेबलावर.

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या आम्हा मराठी लोकांत काका सगळ्यांत जुने. एकटा जीव. बाकीची घरं व्हिसावर आलेली. प्रोजेक्ट संपला की सामान बांधून पुढच्या गावी. पोरं तेवढी काकांच्या अंगणात वाढायची.

काका मूळचे चंद्रपूरचे, सागवानाच्या वखारीशेजारी वाढलेले. पण अमेरिकेत येऊन त्यांनी सागाशी बेइमानी केली आणि इपेच्या प्रेमात पडले. इपे हे दक्षिण अमेरिकेतलं झाड. त्याच्या फळ्यांचा डेक घालताना काकांचे चौदा ड्रिल बिट मोडले. प्रत्येक वेळी ते आनंदाने ओरडायचे, "पाहा बे, कसा छळून राहिला! साग म्हणजे सज्जन माणूस. हा हेडमास्तर आहे!" हे लाकूड पाण्यात तरंगत नाही, हे पटवायला त्यांनी आमच्या बाथटबमध्ये तुकडे बुडवून दाखवले होते. दोनदा.

उरलेल्या फळीचा त्यांनी गणपतीसाठी पाट केला. गणपतीपेक्षा पाटच जड.

दोन हजार सहाच्या विसर्जनाला आम्ही काकांच्या घरामागच्या तळ्यावर जमलो. डिसेंबरात आम्हीही बिऱ्हाड हलवून टेक्ससमधल्या अर्विंगला जाणार होतो, पण काकांना सांगायचा धीर होत नव्हता. "मोरया!" च्या गजरात काकांनी मूर्ती बुडवली आणि लहानपणच्या सवयीने पाट सोडून दिला. सागाच्या पाटासारखा तो वर येईल म्हणून हात पुढे करून उभे राहिले. आम्हीही उभे राहिलो. शेवटी माझी लेक रेवा म्हणाली, "काका, इट्स नॉट कमिंग अप."

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. पण काका हसले नाहीत. त्या गार पाण्यात धोतरासकट छातीपर्यंत शिरले.

"काका, सोडा हो! दुसरा करू!" मी ओरडलो.

"दुसरा नाही होत," ते म्हणाले आणि बुडी मारली.

तिसऱ्या बुडीला पाट सापडला. काकांचे दात वाजत होते, म्हणून मी तो हातात घेऊन पुसायला उलटा केला. खालच्या बाजूला बारीक अक्षरांत नावं कोरलेली होती. ईशान, सानिका, ओम, मुक्ता... गाव सोडून गेलेल्या घरांतली सगळी पोरं. शेवटचं नाव ताजं होतं, रेवा.

मी म्हणालो, "काका, आम्ही अजून इथेच आहोत की."

काका धोतर पिळत राहिले. "हो ना. पण लाकूड फार कडक आहे रे. कोरायला आधीच घ्यावं लागते."