बांधापलीकडचं बोट

पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन राजेंद्रने बेडशात घर आणि भाताचं एक खाचर घेतलं, तेव्हा बायकोने एकच अट घातली होती. "या पावसाळ्यात तुझ्या खाचरात भात लागला तर राहू," अमृता म्हणाली होती, "नाहीतर सामान बांधायचं." चिखलणी झाली, रोपं तरारली, पण लावणीला माणूस मिळेना. जो तो लोणावळ्याच्या हॉटेलांत कामाला. रोपं वाया जाणार आणि त्यांच्यामागोमाग आपणही पुण्याला, हे राजेंद्रला दिसायला लागलं.

शेवटी शेजारच्या कोंडाजीने तोड काढली. "भाऊ, इर्जिक घाला की. समदी येत्याल, लावून देत्याल. तुमी फकस्त पोटभर जेवू घालायचं."

राजेंद्रने पुणेरी हिशोब केला. वीस जणांना जेवायला बोलवावं तर दहा येतात, आणि त्यातलेही चार घरून खाऊन येतात. म्हणजे दहा माणसं हवी असतील तर वीस घरांना सांगायला हवं. तो घरोघर हात जोडून आला. अमृताने दहा पानांचा स्वयंपाक काढला.

सकाळी त्याने दार उघडलं आणि तो उंबऱ्यातच थबकला. वीसच्या वीस घरं आली होती, आणि घर म्हणजे अख्खं घर. सासवा, सुना, हॉटेलात रजा टाकून आलेला कैलास, वरच्या वाडीतून येसूचं सगळं कुटुंब.

"अरे, एवढे?" अमृता पुटपुटली. "आपला कुकर पाच लिटरचा आहे!"

"बोलावलं म्हंजे यायाच लागतं, ताई," कोंडाजी म्हणाला. "न्हाई आलो तर तुमचा अपमान न्हवं का?"

माणसं खाचरात उतरली. कुणी हुकूम दिला नाही, तरी ओळ धरली गेली. येसूच्या आईने गाणं उचललं आणि सगळ्या पाठी एकदम वाकल्या. बघता बघता काळा चिखल हिरवा होत चालला. राजेंद्रच्या अंगावर काटा आला. महिनाभर त्याने मोबाईलवर लावणीचे व्हिडिओ पाहिले होते, पण हे त्यात कुठेच नव्हतं. आपण नुसतं 'या' म्हणालो आणि एवढं मोठं काहीतरी आपल्या दारात उभं राहिलं, या विचाराने त्याला भरून आलं.

पण भरून आलेल्या मनाने भात शिजत नाही. खाचर संपत आलं, तेव्हा अमृताचा दुसरा कुकर नुकताच चढला होता.

"त्यांना थांबव!" ती खिडकीतून ओरडली.

भुकेल्या माणसांना ताटाची वाट बघत कसं बसवायचं? घाबरलेल्या राजेंद्रने बांधापलीकडच्या चिखलाकडे बोट दाखवलं. "ते... ते राहिलंय अजून!"

कोंडाजीने बोटाकडे पाहिलं, मग राजेंद्रकडे. "ते बी लावायचं?"

"हो, हो. अगदी सावकाश लावा."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग उरलेल्या रोपांच्या जुड्या घेऊन ओळ बांध ओलांडून पलीकडे गेली.

थोड्या वेळाने प्लास्टरमधला पाय ओढत, काठी टेकत पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या शालूबाई आल्या. ते खाचर त्यांचं होतं. राजेंद्र कोंडाजीच्या मागे सरकला.

"माज्या रानात लावणी कुणी सांगितली?"

"ह्या भाऊंनी!" सगळ्यांनी एका सुरात सांगितलं.

शालूबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. डोळ्यांत पाणी तरळलं, पण आवाज चढाच राहिला. "मग माज्या रानात राबलेली मानसं दुसऱ्याच्या घरी जेवनार व्हय? ए पोरी, तो शिट्टीचा डबा ठेव आन् हिकडं ये!"

पोरी म्हणजे अमृता. शालूबाईंकडे मोठी पातेली होती, पण पाय धड नव्हता; अमृताचे पाय धड होते, पण पातेली नव्हती. शालूबाई पायरीवर बसून ओरडत होत्या आणि पुण्याच्या कंपनीत दहा जणांना कामाला लावणारी अमृता धुरात डोळे पुसत मुकाट्याने आमटी ढवळत होती.

पंगती उठल्यावर राजेंद्रने कोंडाजीला बाजूला घेतलं. "भाऊ, खरं सांगतो, ते खाचर कुणाचं हे मला माहीतच नव्हतं."

"ते आमाला ठाव न्हाई व्हय?" कोंडाजी हसला. "म्हातारी लय ताठ. रांधता येत न्हाई म्हनून इर्जिक घालंना, आन् फुकट कुनाला लावू दीना. आमी निमित्तच शोधत व्हतो बगा. तुमचं बोट देवावानी आलं. तिला मातुर सांगू नका."

राजेंद्र सुन्न होऊन घरी आला. अमृता मोरीत हातांची काजळी घासत होती. त्याने भीत भीत विचारलं, "मग... सामान बांधायचं?"

"वेडा आहेस का? उद्या कोंडाजीभाऊंकडे इर्जिक आहे. भाताचं पातेलं शालूमावशींनी माझ्याकडे दिलंय."

"आणि मी?"

"तू चिखलात," अमृता म्हणाली. "मावशी म्हणाल्या, स्वयंपाकात त्याचा काही उपयोग न्हाई."